विंचेस्टरहून पोकोनोजला: विकत घेतलेला ट्रेलर जागेवर कसा न्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका जोडप्याने व्हर्जिनियात विंचेस्टरजवळच्या डीलरकडून २५ फुटी वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतलाय, २०१९ चा. पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनोज डोंगरातल्या एका कॅम्पग्राउंडवर हंगामभराची जागा ठरवली आहे, म्हणजे ट्रेलर तिथेच उभा राहणार आणि ही मंडळी शनिवार-रविवारी जाऊन राहणार. घरात व्ही-सिक्स इंजिनाची टोयोटा हायलँडर आहे. विक्रेता म्हणतो, "ट्रेलरचं वजन ४,८००, तुमची गाडी ५,००० पौंड ओढते, आरामात जाईल." दुसरा पर्याय म्हणजे एका मित्राचा हाफ-टन पिकअप, म्हणजे मोठ्या पिकअपमधला सर्वांत हलका वर्ग. गूगलने बाल्टिमोरवरून रस्ता दाखवलाय. आता न्यायचा कसा?

हायलँडरने नेऊ नका. मित्राचा पिकअप चालेल, पण त्याच्या दारावरचं स्टिकर वाचल्यावरच. आणि ट्रेलर वर्षातून फार तर एकदा हलणार असेल, तर हे काम पैसे देऊन व्यावसायिक वाहतूकदाराकडून करून घेणं बहुतेकांना परवडतं. नवीन हिच (गाडीमागची जोडणी), ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं उपकरण), स्प्रिंग बार (नाकाचा भार पुढच्या चाकांकडेही वाटणाऱ्या हिचच्या दांड्या) हे सगळं एका फेरीसाठी घेण्यात अर्थ नाही. साध्या भाड्याच्या गाडीचा विचार मनात असेल तर तो सोडा. त्यांच्या करारात ट्रेलर ओढायला बहुधा मनाईच असते.

विक्रेत्याचं ४,८०० खोटं नाही, पण ते कारखान्यातून निघतानाचं रिकामं वजन आहे. त्यात डीलरने नंतर बसवलेली बॅटरी बहुधा धरलेली नसते, सिलेंडरमधला गॅस नसतो, तुमची भांडीकुंडी, गाद्या, खुर्च्या, पाण्याची नळी हे तर नसतंच. ४० गॅलनची टाकी भरलेली असेल तर एकट्या पाण्याचे ३३० पौंड होतात. असा ट्रेलर रस्त्यावर येतो तेव्हा ५,८०० ते ६,००० च्या घरात असतो. पण खरी अडचण ओढण्याची नाहीच, अडचण आहे टंग वेटची, म्हणजे ट्रेलरच्या नाकाचा जो भार गाडीच्या मागच्या टोकावर पडतो त्याची. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. ५,९०० ला १२ टक्के धरले तर ७०० पौंड. ज्या गाडीची ओढण्याची मर्यादा ५,००० आहे तिची नाकावरच्या भाराची मर्यादा साधारण ५०० असते. इथेच हिशेब संपला. इंजिन ओढेलही, पण मागचा भाग दबेल, पुढची चाकं हलकी होतील, आणि स्टिअरिंगही पुढच्या चाकांवर, ब्रेकचा मोठा वाटाही पुढच्याच चाकांवर.

मग कुणी शहाणा सुचवतो की जड सामान ट्रेलरमध्ये मागे ढकला, नाकावरचा भार कमी होईल. होतो, आणि तिथेच घात होतो. बैलगाडीत पोती मागे रचली की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलू लागतं. ट्रेलरचंही तेच, फक्त इथे वेग ताशी ६० मैल असतो. नाक हलकं झालेला ट्रेलर डावी-उजवीकडे शेपूट मारायला लागतो आणि एकदा लय धरली की प्रत्येक झोक्याला ती वाढत जाते. महामार्गावर जे ट्रेलर आडवे पडलेले दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची गोष्ट इथून सुरू होते.

आता मित्राचा पिकअप. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारं पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. जाहिरातीतला 'इतके हजार पौंड ओढतो' हा आकडा विसरा, तुमच्या कामाचा आकडा हा. समजा तो १,५०० आहे. त्यातून नाकावरचे ७००, वजन वाटणाऱ्या हिचचे ९०, तुम्ही आणि मित्र मिळून ३३० वजा केले की उरले ३८०. जमतं. पण मागच्या सीटवर दोन मोठी मुलं, मागच्या हौद्यात जनरेटर आणि सायकली आल्या की जमत नाही. एकाच मॉडेलच्या दोन पिकअपमध्ये हा आकडा शेकडो पौंडांनी वेगळा असू शकतो. सनरूफ, फोर-व्हील ड्राइव्ह, जाड सीटा, सगळं त्याच्यातूनच वजा झालेलं असतं. म्हणून 'आमच्या शेजाऱ्याकडे तोच ट्रक आहे' हे उत्तर नव्हे.

पिकअपला ब्रेक कंट्रोलर हवाच. ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत असा बहुतेक राज्यांचा कायदा आहे, आणि ते ब्रेक विजेवर चालतात. ओढणाऱ्या गाडीत कंट्रोलर नसेल तर ते नुसते शोभेचे. ट्रेलरची वायर लावायचं सात पिनांचं सॉकेट आहे म्हणजे कंट्रोलर आहेच असं नाही. डॅशबोर्डवर बघा, मित्राला विचारत बसू नका.

डीलरकडे जाल तेव्हा घाई करू नका. विक्रेत्यांना तासाभरात चावी देऊन मोकळं व्हायचं असतं. त्यांना आधीच सांगा की पाणी, वीज, गॅस जोडून सगळं चालू करून दाखवा, बाहेर सरकणारी खोली दोनदा आत-बाहेर करा. पण रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी तुम्ही स्वतः चार गोष्टी बघायच्या आहेत, आणि त्यांतली पहिली म्हणजे टायर.

टायरच्या कडेवर 'डीओटी'ने सुरू होणारी अक्षरं-आकड्यांची ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे बघा. २२१९ असतील तर २०१९ सालच्या २२ व्या आठवड्यातला टायर. ओळीत चार आकडे दिसले नाहीत तर ते टायरच्या आतल्या बाजूला असतील. टॉर्च घ्या आणि खाली वाका, तुमच्यासाठी दुसरं कुणी वाकणार नाही. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतले थर सुटलेले असतात. पाच-सहा वर्षं झाली की मी ते बदलायला सांगतो, नक्षी कितीही छान असो. तुमच्या २०१९ च्या ट्रेलरवर मूळचे टायर असतील तर नवीन चार टायर सौद्यात मागून घ्या, आणि ते डीलरच्या आवारातच बसले पाहिजेत. 'तिकडे पोचलात की बदला' हे ऐकू नका. धावताना टायर फुटला की नुसता टायर जात नाही, त्याच्या चिंध्या चाकावरचं आवरण, खालचा पत्रा आणि कधी गॅसची नळीसुद्धा फाडून काढतात. हवा थंड असताना भरायची, टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी. गाडीच्या टायरसारखी थोडी कमी ठेवण्याचा मोह नको. आणि ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैलच असते, ती कडेवर बघून घ्या.

दुसरी गोष्ट चाकाचे नट. टायर बदलले की चाकं निघाली, चाकं निघाली की नट नव्याने बसणार. टॉर्क रेंचने आवळून घ्या; किती, ते अ‍ॅक्सलच्या पुस्तकात असतं, अर्धा इंची बोल्टला ९० ते १२० फूट-पौंडांच्या दरम्यान. मग १० मैलांवर, २५ मैलांवर आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा तपासा. १० मैलांवर जवळजवळ नेहमी एखादा नट पाव फेरा घेतो. रेंच बरोबर असू द्या, भाड्याने मिळतो.

तिसरी, बेअरिंग. त्यांना ग्रीस भरून वर्ष किंवा १२,००० मैल झाले असतील तर ते काम निघण्याआधी करून घ्यायचं. डीलर 'केलंय' म्हणाला तर कागद मागा. चौथी गोष्ट म्हणजे ब्रेकअवे केबल. ट्रेलर चुकून सुटलाच तर ही बारीक तार ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात, त्यासाठी ट्रेलरच्या बॅटरीत जीव हवा. आवारात ती पिन ओढून बघा, चाकं धरली पाहिजेत. मग लगेच परत घाला. ही तार साखळीला किंवा हिचच्या निघणाऱ्या भागाला अडकवू नका, गाडीच्या चौकटीला अडकवा. हिचच निघून आली तर तार तिच्याबरोबर जाईल आणि काहीच होणार नाही.

जोडणी करताना बॉलचा (हिचवरच्या लोखंडी गोळ्याचा) आकार कपलरवर, म्हणजे त्या गोळ्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या नाकावरच्या वाटीवर, कोरलेल्या आकाराशी जुळवा. या मापाच्या ट्रेलरना बहुधा २ पूर्णांक ५/१६ इंचाचा लागतो. दोन इंची बॉलवर तो कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडतो. खटका बंद करून पिन घातलीत की ट्रेलरचा जॅक उलटा फिरवून नाक वर उचला. पिकअपचं मागचं टोक बरोबर वर आलं म्हणजे धरलंय. नुसता कपलर वर आला तर धरलेलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मी हे केल्याशिवाय कुणाचाही ट्रेलर आवाराबाहेर काढत नाही. साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन अडकवा, म्हणजे कपलर निसटलाच तर नाक त्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यावर नाही.

कंट्रोलरची ताकद ठरवायची ती डीलरच्या मोकळ्या आवारात. ताशी २०-२५ मैलांवर कंट्रोलरची कळ हाताने पूर्ण दाबा. ट्रेलरने गाडीला मागे ठाम खेचलं पाहिजे, पण चाकं घसटत जाता कामा नयेत. घसटली तर एक आकडा कमी करा.

निघताना सिलेंडरचे व्हॉल्व्ह बंद. टाक्या रिकाम्या. छपरावरची झाकणं, अँटेना, पायरी, चांदणी (कडेचं कापडी छत), फ्रीजचं दार, सगळं मिटून-बंद. मग ट्रेलरभोवती एकट्याने, गप्पा न मारता, एक पूर्ण फेरी.

आता रस्ता. बाल्टिमोरवरून जाऊ नका. तिथल्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांपेक्षा मोठ्या प्रोपेन सिलेंडरना मनाई आहे आणि तुमच्या नाकावर २०-२० पौंडांचे दोन असणार. व्हॉल्व्ह बंद असला तरी चालत नाही. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. तो २६ मार्च २०२४ ला जहाजाच्या धडकेने कोसळला, त्यामुळे आता शहराला पश्चिमेकडून आय-६९५ या रिंगरोडने वळसा घालावा लागतो. विंचेस्टरहून त्या भानगडीत पडायचं कारणच नाही. आय-८१ या आंतरराज्य महामार्गाने सरळ उत्तरेला जा: वेस्ट व्हर्जिनिया आणि मेरीलँडचे छोटे पट्टे, मग चेंबर्सबर्ग, कार्लाइल, हॅरिसबर्ग, हेझलटन, आणि तिथून आय-८० ने पूर्वेला. साधारण २२५ मैल, एकही बोगदा नाही. (पुढे कधी ट्रेलर घेऊन न्यूयॉर्ककडे गेलात तर तिथल्या पार्कवेंवर चुकूनही चढू नका. ट्रेलरना बंदी आहे, आणि पूल इतके ठेंगणे आहेत की एसीसकट ११ फुटांचा तुमचा ट्रेलर छप्पर तिथेच ठेवून जाईल.)

८१ वर ट्रकची रांग तुटत नाही. मोठा ट्रक बाजूने जाताना त्याच्या नाकासमोरची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते, मग शेजारून आत ओढते. आरशात ट्रक येताना दिसला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि काही करू नका. त्या ढकलण्याला उत्तर म्हणून स्टिअरिंग वळवलं की तुम्हीच झोका सुरू करता. वेग ६० च्या आसपास ठेवा, उजवी लेन धरा, मागचे हॉर्न देतील तर देऊ देत. ट्रेलर डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. गॅसवरचा पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि कंट्रोलरची कळ हाताने दाबा. मागून फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो ताणून सरळ होतो. ही कळ कुठे आहे ते न बघता हाताला सापडलं पाहिजे, म्हणून निघण्याआधी पाच-सहा वेळा चाचपून ठेवा. हॅरिसबर्गच्या पुढे डोंगर सुरू होतात. उतारावर पिकअपचा टो-हॉल मोड (ट्रेलर ओढतानाची गिअरची खास सेटिंग) लावा, गिअर खाली घ्या, ब्रेकवर पाय टेकवून बसू नका. वारा सुटलेला असेल तर त्या दिवशी निघूच नका. डीलर एक दिवस ट्रेलर ठेवून घेतो.

कार्लाइलला थांबाच. एक्झिट ५२ ला ट्रक स्टॉपांची रांग आहे, तिथे ट्रक तोलायचा काटा मिळेल. पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. बटण दाबून आतल्या माणसाला सांगा, पावती मिळते. तोलायचं तीनदा: एकदा स्प्रिंग बार लावून, एकदा ते काढून, आणि एकदा ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून नुसता पिकअप. त्याच दिवशीच्या पुढच्या तोलाचे पैसे पहिल्याहून बरेच कमी पडतात.

समजा नुसता पिकअप पुढे ३,२६० आणि मागे २,४८० भरला, म्हणजे ५,७४०. ट्रेलर जोडून पण बार न लावता पुढे २,९८०, मागे ३,४६०, आणि ट्रेलरच्या चाकांवर ५,२००. पिकअपवर ७०० वाढले, तोच नाकावरचा भार. ट्रेलर एकूण ५,९००, म्हणजे प्रमाण १२ टक्क्यांच्या जरासं आत. छान. पण पुढच्या चाकांवरून २८० पौंड उडाले ते बघा. बार लावल्यावर पुढे ३,१८०, मागे ३,१६०, ट्रेलरवर ५,३०० झालं, तर उडालेल्यातले २०० परत आले. किती परत यायला हवं ते पिकअपच्या पुस्तकात दिलेलं असतं आणि ते कंपनीगणिक बदलतं. हे कार्लाइलला, म्हणजे अर्ध्या वाटेवर करायचं कारण एवढंच की विंचेस्टरच्या डीलरकडे हिच कशी बसवली ते तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं असेल, आणि आता त्यात एखादी कडी वर-खाली करायची हे कळेल. डीलरच्या जवळच काटा असेल तर अर्थातच तिथे. बार काढताना मात्र जपून: त्यांच्यात प्रचंड ताण असतो. आधी कपलर जोडलेलाच ठेवून जॅकने नाक आणि पिकअपचं शेपूट दोन्ही वर उचला, ताण उतरला की बार हाताने सुटतो. ओढूनताणून सोडवलेला बार हात मोडतो.

प्रत्येक थांब्यावर चाकांच्या मध्यावर हात धरून बघा. चारही सारखे कोमट हवेत. एकच चटका देत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय, पुढे जायचं नाही.

पेट्रोल भरताना कडेचा, सरळ निघता येईल असा पंप घ्या. वळताना ट्रेलरच्या चाकांमागचा आठ-नऊ फुटांचा भाग बाहेरच्या बाजूला झोकतो, आणि पंपाजवळचे पिवळे खांब नेमके तिथेच असतात.

पोचणं उजेडात झालं पाहिजे. शक्य असेल तर आदल्या आठवड्यात रिकाम्या हाताने जागा बघून या. फांद्या ११ फुटांच्या वर आहेत का, वळणावर दगड किंवा चर आहे का, विजेचा खांब कुठल्या अंगाला आहे. कॅम्पग्राउंडच्या ऑफिसला विचारा की मोठे ट्रेलर कुठल्या फाटकाने येतात, आणि २०१९ चा चालेल का. काही ठिकाणी ट्रेलरच्या वयावर मर्यादा असते आणि ती फोनवर कुणी आपणहून सांगत नाही. काही ऑफिसांचा ट्रॅक्टरवाला असतो, तो थोड्या पैशांत ट्रेलर बरोबर जागेवर लावून देतो. पोकोनोजच्या झाडीत मी ते पैसे आनंदाने देईन.

स्वतः मागे घ्यायचा असेल तर ट्रेलर ड्रायव्हरच्या बाजूला वळेल अशा दिशेने या, म्हणजे खिडकीतून दिसेल. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात जिकडे सरकवाल तिकडे ट्रेलरचं शेपूट जातं. थोडं थोडं. संशय आला की उतरून बघा. मागे उभा राहून सांगणारा माणूस एकच हवा, आणि तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे, हे आधी ठरवा. आपल्याकडे चार काका चारी बाजूंनी 'येऊ दे, येऊ दे' करतात आणि पाचवा झाडाच्या बाजूने ओरडतो. त्यांना चहा द्या आणि लांब बसवा.

जागेवर आलात की क्रम सोडू नका. आधी डावी-उजवी पातळी, लागेल त्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून. मग चाकांना दोन्ही बाजूंनी ओट, म्हणजे पाचरी, लावा. त्यानंतरच कपलर सोडा. ओट न लावता सोडलेला ट्रेलर उताराला एकटाच निघतो, त्याला हँडब्रेक नसतो. नंतर पुढचा जॅक फिरवून पुढची-मागची पातळी, आणि शेवटी चार कोपऱ्यांचे जॅक. ते हलणं थांबवायला आहेत, उचलायला नाहीत, त्यांनी उचललंत तर चौकट वाकते. वीज जोडण्याआधी खांबावरचं सॉकेट सर्ज प्रोटेक्टर लावून तपासा. पाण्याच्या नळीला प्रेशर रेग्युलेटर लावा. आणि पाणी तापवायची टाकी पूर्ण भरल्याशिवाय, म्हणजे गरम पाण्याच्या नळातून हवेची फुसफुस थांबून सरळ धार येईपर्यंत, तिचं विजेचं बटण दाबू नका. रिकाम्या टाकीत आतली कॉइल मिनिटभरात जळते.

वाहतूकदार लावणार असाल तर त्याचा यूएसडीओटी नंबर (वाहतूकदाराचा केंद्रीय नोंदणी क्रमांक) मागा, तो ट्रक-वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या एफएमसीएसए या खात्याच्या वेबसाइटवर टाकला की परवाना आणि विमा चालू आहे का ते दिसतं. तुमच्या ट्रेलरच्या नुकसानीसाठी त्याचा मालविमा आहे का, हे वेगळं विचारा आणि लेखी घ्या. टायरचं वय, नट आणि बेअरिंग तरीही तुमच्याच माथ्यावर, ते त्याच्या येण्याआधी डीलरकडून करून घ्यायचे. ट्रेलर निघण्याआधी चारी बाजूंचे आणि छपराचे फोटो काढा. मित्राच्या पिकअपने नेणार असाल तर त्याच्या विम्यात दुसऱ्यांना झालेलं नुकसान सहसा येतं, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान येत नाही. त्यासाठी तुमची वेगळी पॉलिसी निघायच्या दिवसापासून चालू हवी. डीलरने दिलेली तात्पुरती नंबर प्लेट मागे लावलेली आणि तिचा कागद पिकअपमध्ये असू द्या. पेनसिल्व्हेनियात नोंदणी करणार असाल तर ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरना दरवर्षी तपासणी लागते; न्यू जर्सीत करायची की तिथे, ते सही करण्याआधी ठरवा, नंतर कागद बदलणं फार कटकटीचं होतं.